शब्दवेध : डोमेन

‘डोमेन’ फ्रेंचच्या वाटेने लॅटिन ‘दोमिनुस’पाशी, म्हणजे घरधन्यापाशी पोहोचतो. त्यामागे ‘दोमुस’, घर. ऋग्वेदातला ‘दम’ म्हणजेही घरच. त्यावरून ‘दंपती’, घराचे धनी. चुलत भावंडंच ही! मला हे नातं फार जवळचं वाटतं.

पण इंटरनेटवरचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, आपण ‘विकत घेतलं’ म्हणतो, तेव्हा ती घरासारखी मालकी नसते, असते निव्वळ मुदतीची नोंदणी. आणि नाव मोकळं मिळालं म्हणजे आपलं झालं, असंही नाही. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ असा डोमेननावांचा वाद आला. फरक एका इंग्रजी अक्षराचा, ‘ई’च्या जागी ‘ए’. न्यायालयाने ‘रॅडिफ’ला अंतरिम मनाई केली. २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही डोमेननावाला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण दिलं.