सळईची गोल्फस्टिक

दोन वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातल्या आमच्या घरावर स्लॅब टाकला. उरलेल्या सळयांतला आठ एमएमचा मीटरभर तुकडा मी बाजूला ठेवला. फिटरकडून त्याचं टोक वाकवून घेतलं, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आणि संध्याकाळी खळ्यावर उभा राहून ती फिरवायला लागलो. आजीने बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "म्हशी विकून दहा वर्षं झाली. आता कोणाला हाकतोयस?"

गोल्फचं हे खूळ ऑफिसातून आलं. टीमला एकदा ड्रायव्हिंग रेंजवर नेलं होतं. मी पन्नासेक चेंडू मारले, त्यातला एकच नीट लागला. तो एक लागला की माणूस कामातून जातो.

घरी स्विंगचा सराव कसा करायचा, याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. भिंतीला पाठ लावून फिरा, काखेत टॉवेल धरा, आरशासमोर हळूहळू फिरवा, मोबाइल स्लो मोशनला लावा. (कोणीच सांगत नाही ते मी सांगतो: आधी पंखा बंद करा.) या सगळ्यांत एक गोष्ट धरून चाललेली असते, की तुमच्याकडे मैदान आहे, फक्त आज जायला वेळ नाही. मला हे खटकलं आणि मी जुनं वाचायला घेतलं. घराजवळ, गल्लीत, झाडाच्या फांदीने स्विंग शिकलेली कितीतरी माणसं सापडली. त्यांच्याकडे मैदानच नव्हतं.

सुरुवातीला असं नव्हतं. १४५७ मध्ये स्कॉटलंडमध्ये कायदा करून गोल्फवर बंदी घातली गेली, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून तेच खेळत बसायचे. म्हणजे खेळ साध्या माणसांच्या अंगात भिनला होता. सेंट अँड्र्यूज गावाला समुद्रकाठी रेताड, गवताळ जमीन होती. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपला त्या जमिनीवर ससे पाळायची मुभा मिळाली, पण त्याच दस्तऐवजात गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा आणि गुरं चारण्याचा हक्क शाबूत ठेवला होता. मला आपलं गायरान आठवलं. ससे, गुरं आणि गोल्फ, सगळं एकाच सातबाऱ्यावर.

आपल्याकडे हा खेळ कुंपण घेऊनच आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. गावचा माणूस आत जायचा तो गवत कापायला, नाहीतर साहेबाची बॅग खांद्यावर घेऊन. बॅग उचलणारा तो कॅडी. चार-पाच तास तो दुसऱ्याचा स्विंग बघतो, चेंडू कुठे पडला ते लक्षात ठेवतो, कुठली काठी द्यायची ते सुचवतो. म्हणजे शिकवणी पूर्ण, फक्त हातात काठी नाही.

चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबजवळच्या वस्तीतल्या कॅडींनी ती काठी स्वतः बनवली. बांधकामाची सळई वाकवायची, प्लॅस्टिकचा चेंडू घ्यायचा आणि घरांमधल्या बोळात खेळायचं. २०२३ मध्ये 'स्लम गोल्फ' नावाची हिंदी वेबमालिकाही आली, पण मला तिच्यातल्या नाट्यापेक्षा सळईतच जास्त रस होता.

आठ एमएमची सळई मीटरला साधारण ३९५ ग्रॅम भरते. खरी लोखंडी गोल्फस्टिकही चारशेच्या आसपास. वजन जुळतं, पण खऱ्या काठीत त्याचा मोठा भाग खालच्या डोक्यात असतो. सळईत तो सगळीकडे सारखा पसरलेला. त्यामुळे डोकं स्वतःच्या ओढीने खाली येत नाही, सगळं काम मनगटाने आणि कमरेने करावं लागतं. त्यात बोळ अरुंद. हात पूर्ण मागे नेला तर कोणाचं तरी दार, नाहीतर वाळत घातलेले कपडे. मग स्विंग आखूड होतो आणि चेंडू जमिनीलगत सरळ ठेवावा लागतो. घर जेवढी जागा देतं, तेवढाच स्विंग अंगात बसतो.

दरबानच्या सेवसंकर सेवगोलमचं असंच झालं. त्याला 'पापवा' म्हणत. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय कुटुंबातला हा मुलगा कॅडी म्हणून राबला आणि शिकवणारं कोणी नसल्याने काठी उलटी धरायला लागला: उजवा हात वर, डावा खाली. कुठलाही कोच पहिल्याच दिवशी ती पकड सोडायला लावेल. त्या पकडीने तो १९५९ मध्ये डच ओपन जिंकला, नंतर आणखी दोनदा. १९६३ मध्ये त्याने नाताल ओपन जिंकली, तेव्हा गोरे क्लबहाऊसच्या आत होते आणि याला बाहेर पावसात ट्रॉफी दिली गेली. पुढे सरकारने त्याचं खेळणंच बंद केलं.

आपल्याकडे इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर. साल १९९१. तोही दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता.

या मंडळींच्या रांगेत मला उभं राहता येत नाही. खारघरला सिडकोच्या गोल्फ कोर्सवर पैसे भरून खेळता येतं आणि तेवढा पगार मला आहे. तो पगार कुठून आला, हेही सांगायला हवं. आमच्या खळ्यापलीकडे तारेचं कुंपण आहे. त्यापलीकडच्या शेतात बाबा कर्जत-३ भात लावायचे. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ते शेत विकलं. आता तिथे मुंबईच्या कुटुंबाचं फार्महाऊस आहे आणि भाताच्या जागी हिरवळ. भाताला पावसाचं पाणी पुरायचं. हिरवळीला मे महिन्यातही रोज पाणी लागतं, वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते तेव्हाही.

परवा सळईने मारलेला चेंडू पहिल्यांदाच छान उचलला गेला आणि कुंपणापलीकडे पडला. मी वाकून शोधत होतो. बाबा खळ्यावर बसूनच म्हणाले, "तिथे नाही. खालच्या कोपऱ्यात बघ. उतार तिकडे आहे, पाणी तिथेच साचायचं."

चेंडू तिथेच होता.