नकटी

आरसी बुकात तिचं नाव महिंद्रा एफसी-१५०, मालवाहू, रजिस्ट्रेशनचं साल १९६८ असं आहे. गावात या नावानं तिला कुणी ओळखलं नाही. पुढं बॉनेट नाही, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसलेला आणि तोंड भिंतीवर आपटल्यासारखं सपाट, म्हणून ती नकटी. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आधी या नावाचा राग यायचा. पुढं तेच पहाटे उठून विचारायचे, "नकटीला पाणी दाखवलं का रं?" बैलाला दाखवावं तसं. रेडिएटरमध्ये दोन तांबे ओतायचे, की ती निघाली.

नाना २०१९ साली गेले. त्याआधी पंधरा वर्षं गाडी वस्तीवर बाभळीखाली उभी होती. २०२१ च्या दिवाळीनंतर धाकट्या भावानं भंगारवाल्याकडून तीन हजार इसार घेतला आणि मला नाशकात फोन केला. विचारायला नव्हे, सांगायला. मी म्हणालो, इसार परत दे. तो म्हणाला, "दादा, तुझं प्रेम तिकडं नाशकात. जागा माझी अडकू राह्यली. मला तिथं कांद्याची चाळ करायचीये." त्याचं काही चुकलं नव्हतं. मी नुकताच निवृत्त झालो होतो, हातात वेळ होता आणि अंगात थोडी खुमखुमी. गाडी बाभळीखालून ओढून घराच्या मागच्या अंगणात आणली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती त्या दिवसापासून मोजायला लागलो.

ही गाडी मूळची अमेरिकेची. ओहायो राज्यातल्या टोलेडो गावच्या विलीज कंपनीनं लढाईत जीप गाजवली आणि १९५६ च्या सुमारास तिच्याच सांगाड्यावर हा छोटा ट्रक बसवला. आकार ब्रूक्स स्टीव्हन्स या नामांकित डिझायनरचा. आखूड चासीवर जास्तीत जास्त हौदा मिळावा म्हणून ड्रायव्हरला त्यानं पार पुढं ढकललं आणि इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधे, झाकणाखाली ठेवलं. अमेरिकेत ती जेमतेम आठ-नऊ वर्षं चालली. इकडं महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या होत्या. मूळ कंपनी १९४५ ची, महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणी झाली आणि त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये नावातला दुसरा महिंद्रा आला. साठच्या दशकात ही सपाट तोंडाची गाडीही इथं बनू लागली आणि तिकडं बंद पडल्यावरही इथं कितीतरी वर्षं धावत राहिली. तिकडं फसलेलं इकडं का चाललं? आमच्या रस्त्यांवरून एकदा गेलं की कळतं. आखूड गाडी, चारही चाकांना जोर. नदीच्या पात्रातून, नांगरटीतून, कुठूनही निघायची.

मिस्तरी सिन्नरचे. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. नानांच्या काळात हीच गाडी त्यांनी चारदा उघडली होती. पहिल्या दिवशी झाकण काढलं तर आत उंदराचं घर, आणि त्याच्यामागं त्याला खाणाऱ्याची कात. ब्रेकचे ड्रम चाकांना असे धरून बसले होते की टॉमी वाकली. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा चाळणी झालेला, तो कापून नवा जोडला. हौद्याच्या फळ्या वाळवीनं नेल्या होत्या. सुतारानं बाभळीच्या फळ्या बसवल्या, फाळका मात्र जुनाच सरळ करून घेतला. पाटे उतरवून धुतले, दोन तुटले होते. हे सगळं सांगायला चार ओळी लागतात, करायला एक उन्हाळा गेला.

खरा वाद इंजिनाचा. मूळचं इंजिन पेट्रोलचं, हरिकेन, चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी. त्याची रचना मजेशीर आहे. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पेट्रोल महागलं, तरी नानांनी दहा-बारा वर्षं रेटलं. मग ऐंशीच्या दशकात महिंद्रांचा इगतपुरीचा कारखाना प्यूजो कंपनीच्या धर्तीची डिझेल इंजिनं काढू लागला. एका अपघाती जीपचं तसलं इंजिन नानांनी घेतलं आणि याच मिस्तरींनी ते नकटीच्या पोटात बसवलं. बदलाची नोंद आरसी बुकात करायची राहिली ती राहिलीच. हरिकेन गेलं गोठ्यात. त्याला पस्तीस वर्षं वासरं बांधली.

माझ्या मनात होतं की मूळचं इंजिन परत चढवावं. कारण होतं. २०२१ च्या जुलैत केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांच्या वरची, मूळ रूपातली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी. मी पाठ केले होते. पण नीट वाचल्यावर समजलं की ते दुचाक्यांना आणि माणसं नेणाऱ्या खाजगी चारचाक्यांना आहेत. माल वाहणाऱ्या गाडीला त्यात जागाच नाही. राजेरजवाड्यांची बसायची गाडी जपता येते, खताची पोती वाहिलेली नाही. मिस्तरींना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं. तुमचं ते इंजिन काही उठत नसतं." हरिकेनचे पिस्टन डिझेलमध्ये पंधरा दिवस भिजवूनही हलले नव्हते. प्यूजोला नव्या रिंगा घातल्या, पंप करून आणला, आणि २०२३ च्या श्रावणात ते धडधडलं.

मग राहिला रंग, आणि मी अडकलो तो इथं.

दारावर वरचा थर पिवळा, 'आईचा आशीर्वाद' लिहिलेला. खाली हिरवा, नाना दूध वाहायचे तेव्हाचा. पाणी मारून पॉलिश पेपर घासत होतो. हिरव्याखाली निळा आला, आणि निळ्यावर पांढरी अक्षरं. आधी 'णी' दिसलं. मी हळू झालो. तासाभरानं सगळी ओळ उघडी पडली.

पाणी. पिंप १ रु. रोख.

हे १९७२ चं. मी अकरा वर्षांचा होतो. आमचा सिन्नरचा पूर्वभाग तसाही कोरडा, त्या साली तर विहिरींचे तळ दिसले. माणसं पाझर तलावाच्या कामावर, खडी फोडायला. खायला मिलो ज्वारी आणि सुकडी. नकटी रोज नांदूरमधमेश्वरच्या बाजूला जायची, हौद्यात सहा पिंपं भरून यायची. झाकणावर पोतं टाकून मी बसायचो, ढुंगण भाजायचं आणि मागनं पाणी हिंदकळायचं. घरात आम्ही हेच ऐकत वाढलो की नानांनी दुष्काळात गावाला फुकट पाणी पाजलं. दहाव्याला गावच्या पुढाऱ्यानं तेच सांगितलं आणि आम्ही दोघं भाऊ माना खाली घालून रडलो. मी त्या गाडीत रोज होतो. पैसे घेताना बघितलं नसेल का? बघितलं असणार. मी विसरलो, की मला विसरायचं होतं, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

शेजारच्या आक्काकडं गेलो. नव्वदीची बाई, कान शाबूत.

"घेत व्हता की," ती म्हणाली. "मला खडी फोडून अडीच रुपये पडायचे, त्यातला एक तुझा बाप न्यायचा. एक दिस माझ्याकडं न्हवता. त्यानं पिंप भरलं न्हाई, गाडी पुढं नेली."

मी गप्प.

"रात्री तुझ्या आईनं मागच्या दारानं घागर दिली. त्याला कळू दिलं न्हाई." थोडं थांबून म्हणाली, "पन येत व्हता रोज. दुसरं कोन येत व्हतं?"

मिस्तरींनी आणखी एक बाजू सांगितली. नकटी पेट्रोल पाण्यासारखी प्यायची, त्या वर्षात दोन टायर फुटले, नानांनी बायकोच्या पाटल्या मोडून ते घेतले. तेही खरं असेल. मी कागदावर हिशोब मांडून बघितला, पण पेट्रोल किती लागायचं, पिंपं किती विकली, यातलं काहीच पक्कं नव्हतं. रुपया तेवढा पक्का होता.

भाऊ म्हणाला, "रंग मार आन् मिटव. लोक काय म्हणतील?" चार दिवस आम्ही बोललो नाही. पाचव्या दिवशी पेंटर आला, लांबी भरून बसला, कोणता रंग म्हणून विचारू लागला. मी म्हणालो, सगळी गाडी निळी. ड्रायव्हरचं दार तसंच ठेव, वर नुसतं लॅकर मार. भावानं ऐकलं आणि काही न बोलता चाळीच्या कामाला गेला.

रस्त्यावर न्यायची तिला परवानगी नाही. न नोंदवलेलं इंजिन आणि थकलेलं पासिंग घेऊन मला कुठं जायचंही नव्हतं. ती आपल्याच शिवारात फिरते, वावरातून चाळीपर्यंत. गेल्या मार्चात कांदा काढला तेव्हा पहिली खेप तिनं आणली. चालवत भाऊ होता. मी झाकणावर, पोतं टाकून. बांधाला आक्का काठी टेकून उभी होती, तिनं हात केला म्हणून भावानं गाडी थांबवली.

"दारावर काय लिवलंय?" तिनं विचारलं.

भावानं माझ्याकडं बघितलं. मग मान बाहेर काढून वाचलं, "पाणी. पिंप एक रुपया. रोख."

"ठेवलं व्हय." आक्कानं अक्षरांवरून हात फिरवला. तिला वाचता येत नाही. "आन् कांद्याचं काय घेतो?"

भाऊ हसला नाही. खाली उतरला, मागं जाऊन फाळका पाडला आणि पाटी भरू लागला. आक्का काठी टेकत मागं गेली, पाटीत डोकावली.

"शीग लाव की रं," ती म्हणाली.