शिक्का जुना, बॅट नवी

सॉफ्टबॉलच्या जुन्या नियमात बॅटवर तीन बंधनं होती. लांबी ३४ इंचांहून अधिक नको, जाडी सव्वादोन इंचांहून अधिक नको आणि वजन ३८ औंसांच्या वर नको. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात बॉक्सिंगचा हातमोजा चेंडू म्हणून आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून घेऊन हा खेळ सुरू झाला. त्यानंतर जवळपास ऐंशी वर्षं तो लाकडी बॅटनेच खेळला गेला आणि तोवर ही तीन मापं पुरली. लाकूड भरीव असतं, त्यामुळे मापं बांधली की चेंडूला मिळणारा वेगही बांधला जाई. पुढे बॅट बदलत गेली आणि नियम दरवेळी मागे राहिला. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सॉफ्टबॉलमध्ये, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या खेळाडूंच्या स्पर्धांमध्ये, ही तफावत आज सर्वांत ठळक आहे. तिथला बॅटचा नियम बदलायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

१९७० च्या सुमारास ॲल्युमिनियमची बॅट बाजारात आली. ती तिन्ही मापांत बसत होती, पण आतून पोकळ होती. चेंडू लाकडावर आदळला की तो स्वतः चेपला जातो आणि त्यात बरीच ऊर्जा वाया जाते. धातूच्या पातळ भिंतीवर आदळला की भिंत किंचित आत दबते, लगेच परत उसळते आणि चेंडू कमी चेपला जातो. वाचलेली ही ऊर्जा चेंडूच्या वेगात उतरते. वजनाच्या नियमाची गत तर आणखी वाईट झाली. त्याने वजनाची कमाल मर्यादा घातली होती, आणि पोकळ बॅट हलकी होऊन अधिक वेगाने फिरू लागली होती. धोका हलकेपणातून येत होता आणि पुस्तक जड बॅटवर पहारा देत बसलं होतं. क्रिकेटने इथे वेगळी वाट धरली. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, त्यानंतर क्रिकेटच्या कायद्याने बॅटचं पातं लाकडाचंच असेल असं ठरवून टाकलं. म्हणून २०१७ साली कडेची जाडी ४० मिलिमीटरवर रोखताना क्रिकेटला मापांचीच भाषा पुरली. सॉफ्टबॉलने धातू स्वीकारला होता, त्यामुळे त्याला बॅटच्या आकाराऐवजी तिचा परिणाम मोजावा लागला, आणि ते काम फार अवघड आहे.

त्यासाठी जे परिमाण पुढे आलं ते बीपीएफ, म्हणजे बॅट परफॉर्मन्स फॅक्टर. चेंडू घट्ट भिंतीवरून किती उसळतो आणि बॅटवरून किती उसळतो, यांचं हे गुणोत्तर. १.२० म्हणजे भिंतीपेक्षा वीस टक्के अधिक उसळी. ज्येष्ठांच्या सर्वांत मोठ्या संघटनेत, सीनियर सॉफ्टबॉल यूएसएमध्ये, १.२१ चा शिक्का असलेली बॅट चालते. आकडा काटेकोर दिसतो, पण तो कशातून निघतो ते पाहायला हवं. या चाचणीत स्थिर बॅटवर ताशी ६० मैलांनी चेंडू सोडतात. मैदानावर येणारा चेंडू आणि फिरणारी बॅट यांच्या वेगांची बेरीज त्याहून कितीतरी जास्त भरते. हे लक्षात घेऊनच एएसए या अमेरिकेतल्या मुख्य सॉफ्टबॉल संघटनेने २००४ मध्ये चाचणीचा वेग ११० मैलांवर नेला आणि थेट फटक्यानंतरच्या चेंडूच्या वेगावर ताशी ९८ मैलांची मर्यादा घातली. शिवाय आजच्या बॅटी बहुतेक कंपोझिटच्या, म्हणजे तंतू आणि राळ यांच्या थरांच्या असतात. वापराने राळेत बारीक तडे जातात, थर सैलावतात आणि बॅट अधिक उसळी देऊ लागते. काही जण तर तिला रोलरखाली दाबून किंवा आतून खरवडून मुद्दाम सैल करतात. शिक्का मात्र कारखान्यातून निघालेल्या नव्या बॅटची साक्ष देतो. अनेक सामने खेळलेल्या बॅटबद्दल तो काहीच सांगत नाही.

यावर ज्येष्ठ खेळाडूंचा आक्षेप असा की वयाने मनगटातला जोर कमी होतो आणि अधिक उसळी देणारी बॅट तो थोडासा परत देते. सत्तरीच्या माणसाला चेंडू कुंपणापर्यंत पोचवण्याचा आनंद का नाकारायचा? हे म्हणणं मला मनापासून पटतं, पण अर्धंच. बॅट फलंदाजाला जोर परत देते, समोरच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, नजर आणि चपळाई परत देत नाही. पिचर ५० फुटांच्या आसपास उभा असतो. ताशी ९८ मैलांनी निघालेला चेंडू ते अंतर सुमारे एक तृतीयांश सेकंदात कापतो. चेंडू दिसणं, तो कुठे येतोय ते कळणं आणि हात उचलणं हे सगळं तेवढ्यात व्हायचं, आणि वयाबरोबर यातली प्रत्येक पायरी मंदावते. त्यातही पन्नाशीच्या गटातला धट्टाकट्टा फलंदाज आणि ऐंशीच्या गटातला फलंदाज या दोघांना एकच १.२१ लावायचं, यात वयाचा विचार कुठे राहिला? वयोगटांप्रमाणे मर्यादा बदलली, तर आनंदाचा मुद्दाही राखला जाईल. मुखवटा घाला, पिचरपुढे जाळी लावा, असंही सुचवलं जातं. दोन्ही करावं. पण तिसऱ्या बेसवरचा खेळाडू जाळीमागे नसतो, आणि संरक्षण वाढवत नेणं म्हणजे बॅट अनावर झाल्याचं मान्य करणंच आहे.

खर्चाची तक्रार खरी आहे. या बॅटी शेकडो डॉलरच्या असतात आणि घेणारे बरेच जण निवृत्त असतात. तरी याला पूर्वीची उदाहरणं आहेत. २००४ चा नियम आला तेव्हा त्यात न बसणाऱ्या बॅटींची यादी जाहीर करून त्या बाद केल्या गेल्या आणि खेळ थांबला नाही. बेसबॉलमध्ये बॅटच्या उसळीचा नवा बीबीकोर निकष महाविद्यालयांत २०११ ला लागू झाला आणि शाळांना आणखी एक हंगाम मिळाला. ज्येष्ठांसाठी मुदत याहून मोठी ठेवावी, तीन-चार हंगामांची, म्हणजे हातातली बॅट वापरून संपेल. तोवर एक काम याच हंगामात सुरू होऊ शकतं. बॅटचा जाड भाग, म्हणजे बॅरल, यंत्रात दाबून ते किती जोर लावल्यावर दबतं हे पाहण्याची दाबचाचणी मैदानावर करता येते. सामन्याआधी प्रत्येक बॅट त्यातून काढावी, आणि जी फार सहज दबेल ती, शिक्का कोणताही असो, त्या दिवशी बाहेर ठेवावी.