व्हाइट हाउसच्या भिंतींआड

वॉशिंग्टन येथील व्हाइट हाउस, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे अधिकृत निवासस्थान, 1948 च्या अखेरीस राहण्यास धोकादायक ठरले आणि राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना कुटुंबासह रस्त्यापलीकडील ब्लेअर हाउसमध्ये मुक्काम हलवावा लागला. त्या वर्षी भूकंप झाला नव्हता की आग लागली नव्हती. बाहेरच्या दगडी भिंती भक्कम उभ्या होत्या आणि दिवाणखान्यांतील झुंबरांचा व सोनेरी मुलाम्याचा झगमगाट तसाच होता. घर आतून खचले होते, ते त्यात पिढ्यानपिढ्या होत गेलेल्या फेरफारांमुळे. हे फेरफार कोणा अर्धशिक्षित ठेकेदाराने लपूनछपून केलेले नव्हते. त्यांना सरकारी तिजोरीतून पैसा मिळाला होता आणि त्यांतील सर्वांत मोठे काम देशातील अग्रगण्य वास्तुशिल्पींनी केले होते. श्रीमंत घरांतील निकृष्ट कामाचा उगम केवळ कारागिराच्या अप्रामाणिकपणात शोधणाऱ्या समजुतीला या घराचा इतिहास छेद देतो.

आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जेम्स होबन यांच्या आराखड्यानुसार 1792 मध्ये या घराची कोनशिला बसवली गेली आणि नोव्हेंबर 1800 मध्ये जॉन ॲडम्स तेथे राहावयास आले. बाहेरच्या भिंती व्हर्जिनियातील वालुकाश्माच्या, त्यांना आतून विटांचे अस्तर आणि मजल्यांचा भार पेलण्यासाठी लाकडी तुळया व कड्या, अशी ही रचना होती. कड्या म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत ठरावीक अंतरावर आडव्या टाकलेल्या सोटांची ओळ. जुन्या मराठी वाड्यांतील कडीपाटात जे काम कड्या करतात, तेच काम त्या येथेही करीत होत्या. ऑगस्ट 1814 मध्ये ब्रिटिश सैन्याने हे घर जाळले, तेव्हा आतील सर्व लाकूडकाम नष्ट झाले. पुनर्बांधणी होबन यांच्याकडेच सोपवली गेली, परंतु जळालेले घर लवकर उभे करणे हा राष्ट्राच्या प्रतिष्ठेचा प्रश्न झाला होता, म्हणून वेळ वाचवण्यासाठी आतल्या काही आडभिंतींत विटांऐवजी लाकूड घालण्यात आले. 1817 मध्ये राष्ट्राध्यक्ष मन्रो राहावयास आले. घाईचा हा पहिला अंश तेव्हापासून भिंतींच्या पोटात राहिला.

त्यानंतरच्या शतकात घरात एकेक सोय येत गेली. 1833 मध्ये नळाचे पाणी आले, 1848 मध्ये गॅसचे दिवे लागले, 1891 मध्ये वीज आली, आणि मधल्या काळात उष्ण हवेने घर तापवण्याची यंत्रणा बसली. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी घर मुळात बांधलेले नव्हते. त्यामुळे नळ न्यायचा झाला की जमीन उकलायची, वाटेत आलेल्या कडीला खाच पाडायची, नळ त्या खाचेत बसवायचा आणि वरून पुन्हा फळ्या ठोकायच्या, अशी रीत पडली. जुन्या नळ्या निरुपयोगी झाल्या तरी त्या काढल्या जात नसत. नव्यांसाठी शेजारी दुसरी खाच पडे.

या खाचांचा अर्थ नीट समजून घेण्याजोगा आहे, कारण घराच्या आतील फेरफारांत आजही याच मार्गाने नुकसान होते. आडव्या तुळईवर भार आला की ती किंचित वाकते. तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा थर ताणला जातो. वाकण्याला विरोध करण्याची तिची ताकद रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण उंचीच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. बारा इंच उंचीच्या कडीत तीन इंचांची खाच पाडली की डोळ्यांना चौथाच भाग गेलेला दिसतो. प्रत्यक्षात त्या ठिकाणी तिची ताकद सोळापैकी नऊ भागांवर, म्हणजे निम्म्याहून थोड्याच अधिक अंशावर येते. खाच खालच्या ताणलेल्या बाजूस असेल तर तिच्या कोपऱ्यातून तंतूंच्या दिशेने चीर धावण्याचा धोका निराळाच. नळ बसवणाऱ्या कारागिराला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि ज्याला ठाऊक असायला हवे, असा माणूस त्या वेळी तेथे उभा नसे. एका खाचेने घर पडत नाही, म्हणूनच दुसरी खाच पाडणाऱ्याला पहिलीची भीती वाटत नाही.

1902 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत मोठे काम निघाले. मॅकिम, मीड अँड व्हाइट या प्रख्यात संस्थेतील चार्ल्स मॅकिम यांना ते देण्यात आले आणि निवासासाठी सुमारे 4 लाख 75 हजार डॉलर मंजूर झाले. सौंदर्यदृष्टीने पाहता मॅकिम यांचे काम उत्तम होते, हे नि:संशय मान्य केले पाहिजे. व्हिक्टोरियन काळातील गर्दीची सजावट काढून त्यांनी दालनांना मूळच्या शैलीची स्वच्छता परत मिळवून दिली. परंतु सगळे काम उन्हाळ्यात सुरू होऊन त्याच वर्षी संपावयाचे होते. मेजवानीचे दालन वाढवण्यासाठी पश्चिमेकडील मोठा जिना आणि त्यालगतची भिंत काढली गेली. ही भिंत भारवाहक होती. म्हणजे तिचे काम खोल्या वेगळ्या करण्यापुरते नसून वरच्या मजल्याचे ओझे पायापर्यंत पोचवण्याचे होते. अशी भिंत काढली तरी ओझे नाहीसे होत नाही; ते पोलादी आधारांवर घेतले तरी त्या आधारांची टोके कुठल्या ना कुठल्या जुन्या भिंतीवरच टेकतात, आणि त्या भिंतीचा पाया या वाढीव भाराला पुरेसा आहे की नाही हे पाहण्यासाठी खाली खणावे लागते. नोव्हेंबरात रूझवेल्ट कुटुंब परतले, तेव्हा घर देखणे झाले होते. खणण्याइतका वेळ त्या वेळापत्रकात नव्हताच.

पुढची भर वरून पडली. 1920 च्या दशकात लष्कराच्या अभियंत्यांनी छताच्या जुन्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर तोलणारे त्रिकोणी सांगाडे, धोकादायक असल्याचे कळवले. 1927 मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना तात्पुरते दुसरीकडे हलवून छप्पर व माळा उतरवण्यात आला आणि त्या जागी पोलाद व काँक्रीटचा पूर्ण तिसरा मजला चढवला गेला. छपराचा प्रश्न सुटला. मात्र हलक्या माळ्याच्या जागी आलेले हे वजन ज्या आतील विटांच्या भिंतींवर उतरले, त्यांचे पाये शतकापूर्वीचे आणि मऊ जमिनीत उथळ घातलेले होते, शिवाय दरम्यान त्यांच्यात दारे फोडली गेली होती. दुरुस्ती म्हणून केलेल्या या कामानेच घराचा शेवट जवळ आणला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

ट्रुमन यांच्या काळात जमिनी हलू लागल्या, झुंबरे आपोआप डुलू लागली, गिलाव्याला तडे गेले. 1948 च्या उन्हाळ्यात ट्रुमन यांची कन्या मार्गारेट हिच्या खोलीतील पियानोचा एक पाय जमिनीतून खाली घुसला आणि खालच्या जेवणघराच्या छताचा गिलावा फुटला. तपासणीत खाचांनी पोखरलेल्या कड्या, दारांसाठी फोडलेल्या भारवाहक भिंती आणि खचत चाललेले आतील पाये उघडे पडले. निवडणूक तोंडावर असल्याने ही गोष्ट नोव्हेंबरातील मतदानानंतरच जाहीर झाली, आणि तोवर राष्ट्राध्यक्षांचे कुटुंब त्याच जमिनींवर वावरत होते.

संसदेने 1949 मध्ये 54 लाख डॉलर मंजूर केले आणि सहा सदस्यांचा आयोग नेमला. संपूर्ण घर पाडून नवे बांधावे, असाही एक पक्ष होता. अखेर बाहेरच्या भिंती राखून आतील सर्व काही काढण्याचे ठरले आणि डिसेंबर 1949 मध्ये उकलणी सुरू झाली. दगडी भिंतींखाली ठरावीक क्रमाने 126 खड्डे खणून, सुमारे 25 फुटांवरील खडीच्या घट्ट थरापर्यंत काँक्रीटचे खांब उतरवण्यात आले. अशा रीतीने उभ्या भिंतीला खालून नवा पाया देण्याचे काम एका वेळी थोडाच भाग मोकळा करून करावे लागते, नाहीतर भिंतच बसते. आत सुमारे 660 टन पोलादाचा सांगाडा उभा राहिला. भिंतीला मोठे भगदाड पाडू द्यायला ट्रुमन तयार नव्हते, म्हणून बुलडोझर सुटा करून आत नेऊन जोडावा लागला. शासकीय छायाचित्रकार ॲबी रो यांच्या छायाचित्रांत चार दगडी भिंतींमधील ती पोकळी आणि तळाशी चालणारी यंत्रे दिसतात. बांधकामाच्या इतिहासात इतकी बोलकी साधने क्वचितच सापडतात.

या कामातील अभियांत्रिकी चोख होती, तरीही जुन्या वस्तूंच्या बाबतीत तीच जुनी घाई पुन्हा प्रकट झाली. दारे, चौकटी, गिलाव्याचे नक्षीकाम पुन्हा बसवण्याच्या हेतूने काढले गेले, पण 1950 मध्ये कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर साहित्याची टंचाई आली, खर्च वाढला, आणि परत बसवण्याऐवजी नवी प्रतिकृती घडवणे सोपे ठरले. मूळच्या साहित्याचा मोठा भाग फोर्ट मायर येथे भरावात गेला, काही स्मृतिचिन्हे म्हणून विकला गेला. जुन्या तुळयांच्या लाकडापासून तळमजल्यावरील ग्रंथालयाच्या भिंतींचे तक्तपोशीकाम करण्यात आले. 27 मार्च 1952 रोजी ट्रुमन परतले, तोवर एकूण खर्च 57 लाख डॉलरच्या वर गेला होता आणि सामानासाठी इतके थोडे पैसे उरले होते की सजावट न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानामार्फत उरकण्यात आली.

या सामान्य दर्जाच्या सजावटीमुळेच 1961 मध्ये जॅकलिन केनेडी यांनी मूळ काळातील वस्तूंचा शोध सुरू केला आणि त्याच वर्षी येथील ऐतिहासिक फर्निचरला कायद्याचे संरक्षण मिळाले, जेणेकरून ते पुढे विकले किंवा टाकले जाऊ नये. तोवर ज्या भिंती, कड्या आणि नक्षीच्या पट्ट्यांमध्ये ते फर्निचर एके काळी ठेवले होते, त्यांतील बहुतेक गोष्टी नाहीशा होऊन सुमारे दशक उलटले होते.