सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी अर्थात पीपीएफ ही भारत सरकारने १९६८ साली सुरू केलेली दीर्घ मुदतीची बचत योजना आहे. निवृत्तिवेतन नसलेल्या स्वयंरोजगारितांनाही टपाल कार्यालयात किंवा अधिकृत बँकेत हे खाते उघडता येते. आर्थिक वर्षात किमान ५०० व कमाल १,५०,००० रुपये भरता येतात. मुदत १५ वर्षांची असून ती पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. व्याज महिन्याच्या पाच तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजले जाते. त्यामुळे पाच तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. व्याज करमुक्त असते. भरलेल्या रकमेची वजावट मात्र केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकुमानेही या रकमेवर जप्ती आणता येत नाही.