भारतीय लांडगा

शास्त्रीय नाव कॅनिस ल्यूपस पॅलिपेस. संस्कृतात वृक, हिंदीत भेडिया, कन्नडमध्ये तोळ. मांसाहारी गणातील श्वान कुलाचा हा सस्तन प्राणी भारतीय द्वीपकल्पातल्या कोरड्या, उघड्या प्रदेशाचा मुख्य शिकारी आहे. वाघ आणि बिबट्या झाडोऱ्याच्या आडून सावजावर झेप घेतात. लांडग्याचे बळ पायांत असते. त्याला दूरवर नजर जाईल अशी आणि पळायला मोकळी जमीन लागते. म्हणून त्याची नोंद जंगलाखाली न करता माळाखाली करणे अधिक योग्य.

या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन दख्खनमध्येच झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनची पाहणी करताना येथील प्राण्यांची सूची तयार केली. ती 1831 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यात त्यांनी या लांडग्याला ‘पॅलिपेस’ म्हणजे फिकट पायांचा असे नाव दिले आणि ‘लांडगा’ हे मराठी नावही नोंदवले. दख्खनचा रानकुत्रा म्हणजे कोळसुंदाही त्याच सूचीत आहे. भारतीय लांडगा ही युरोप-अमेरिकेतील करड्या लांडग्याची लहान चणीची आवृत्ती आहे, अशी समजूत पुढे दीर्घकाळ राहिली. आनुवंशिक अभ्यासांनी ती बदलली. 2021 साली संपूर्ण जनुकसंचाच्या आधारे झालेल्या अभ्यासात हा वंश इतर लांडग्यांपासून फार पूर्वी वेगळा झाल्याचे आणि हयात असलेल्या सर्वांत जुन्या वंशांपैकी एक असल्याचे दिसून आले. लडाख, स्पिती या भागांतला दाट केसांचा हिमालयी लांडगाही याच्याहून निराळा आहे.

पूर्ण वाढलेला नर सुमारे वीस किलो वजनाचा असतो, मादी थोडी हलकी. अंगावरचे केस आखूड, रंग वाळल्या गवताचा. त्यात तपकिरी, करडी आणि पाठीवर काळसर छटा असते. कुसळीच्या पट्ट्यात तो बसला तर दहा पावलांवरूनही चटकन ओळखू येत नाही. पाय लांब व सडपातळ, छाती अरुंद, शेपूट झुबकेदार आणि चालताना खाली सोडलेली. गावकरी अनेकदा कोल्ह्याला किंवा खोकडालाच लांडगा समजतात. खोकड मांजरापेक्षा थोडीशीच मोठी असते आणि तिच्या शेपटीचे टोक काळे असते. कोल्हा लांडग्याच्या निम्म्या वजनाचा, आखूड पायांचा. रात्री गावाच्या शिवेवर ऐकू येते ती बहुधा कोल्हेकुई. भारतीय लांडगाही सूर लावतो, पण फार क्वचित.

लांडगे कुटुंबाने राहतात. नर, मादी, त्यांची यंदाची पिल्ले आणि कधी गेल्या वर्षीची एकदोन तरुण मुले, एवढाच बहुतेक कळपांचा पसारा असतो. थंडगार देशांतल्यासारखे मोठे कळप येथे दिसत नाहीत, कारण येथली शिकार लहान असते. वीण हिवाळ्यात होते. गर्भकाळ दोन महिन्यांचा. मादी ओढ्याच्या धसलेल्या काठात, ओघळीत, पाझर तलावाच्या भरावात किंवा साळिंदराचे जुने बीळ उकरून मोठे करून पिल्ले घालते. त्या काळात तिला माणसाचा वावर अजिबात खपत नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात झालेल्या अभ्यासात माद्या पिल्लांना एका बिळातून दुसऱ्या बिळात वारंवार हलवत असल्याचे आढळले. पिल्लांना दूध मादी पाजते, पण मांस खाऊन येऊन ते त्यांच्यापुढे ओकण्याचे काम नर आणि घरातली मोठी भावंडेही करतात.

माळावर काळवीट आणि चिंकारा हे त्याचे मूळ सावज. लांडगा कळपाला आधी पळवतो, मग पळण्यातून लंगडा, म्हातारा, पाडसामुळे मागे राहणारा प्राणी हेरतो. काही वेळा एकजण ओघळीत दबा धरून बसतो आणि बाकीचे कळपाला त्या बाजूला हुसकतात. गुजरातमधील वेळावदर येथे लांडग्यांचे अन्न मुख्यतः काळवीटच असते. महाराष्ट्राच्या बहुतेक माळांवर मात्र काळवीट उरलेले नाहीत. तेथे ससे, उंदीर, घुशी, पक्षी आणि प्रामुख्याने शेळ्या-मेंढ्यांवर त्याची गुजराण चालते. एकच भक्ष्य पोटभर खाऊन तो निघून गेला की उरलेल्यावर तरस, कोल्हा, गिधाडे आणि घारी येतात. शिकार करणारा माळावरून गेला तर मागून जेवणाऱ्यांची पंगतही उठते. काळवीट-चिंकारा कुठे चरतात, किती वेळ एका जागी थांबतात, हेही लांडग्याच्या धाकाने ठरत असते, आणि गवताला पुन्हा उगवायला त्यातून उसंत मिळते.

माळाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण लांडग्याचे भवितव्य तेथेच ठरते. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा आहे. पाऊस कमी, जमीन मुरमाड, मातीचा थर वीतभर. त्यावर कुसळी, पवना, मारवेल ही गवते आणि मधूनमधून हिवर, बोर, तरटी, बाभूळ अशी काटेरी झाडे. पावसाळ्यात हिरवा, दिवाळीनंतर सोनेरी, उन्हाळ्यात करपलेला, असा हा प्रदेश. जंगल तोडून तो उघडा पडला, असे पुष्कळांना वाटते. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासले गेले, आणि पश्चिम महाराष्ट्रातले हे गवताळ प्रदेश किमान 750 वर्षे असेच असल्याचा निष्कर्ष निघाला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात कान्होपात्रेची आठवण म्हणून ज्या झाडाला वारकरी हात जोडतात ते तरटीचेच आहे, माळावरचे काटेरी झाड. महसुली दप्तरात मात्र याच जमिनीवर पडीक, पोटखराबा असे शिक्के आहेत. पडीक म्हटले की ती कशालाही देता येते. तिच्यावर औद्योगिक वसाहत येते, सौर प्रकल्प येतो, रस्ता जातो. वनखात्यानेही अनेक वर्षे माळावर खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली आणि त्याला हरित काम म्हटले. गवत झाडाखाली मरते, काळवीट निघून जातो, आणि लांडग्याला पळायला जागा राहत नाही. चांगल्या हेतूने झालेले हे नुकसान बंदुकीने झालेल्या नुकसानाइतकेच खोल आहे.

बंदुकीचे नुकसानही थोडे नव्हते. इंग्रज अमदानीत लांडगा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडलेल्या हिशेबानुसार 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत देशभर दोन लाखांवर लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. आज भारतात साधारण दोन ते तीन हजार उरले असावेत असा अंदाज वारंवार दिला जातो.

दख्खनमध्ये लांडग्याचा माणसाशी संबंध म्हणजे मुख्यतः धनगराशी संबंध. मेंढका माळावर वाडा घालतो, रात्री मेंढरांभोवती वाघर म्हणजे जाळी लावतो, कुत्री सोडतो आणि घोंगडी पांघरून कळपाजवळच झोपतो. लांडगा वर्षानुवर्षे त्याच वाड्यांच्या मागावर फिरतो. तो कोकरू उचलतो, मेंढका हाकारा करून त्याच्या मागे धावतो, आणि दोघेही पुढच्या वर्षी त्याच माळावर असतात. देवाने त्याचाही वाटा ठेवला आहे, असे म्हणणारे जुने मेंढके अजून भेटतात. ही उदारता फुकटची नाही. एक मेंढी गेली म्हणजे त्या घरातले हजारो रुपये गेले. लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई शासन देते, परंतु त्यासाठी वेळेत खबर द्यावी लागते, मृत जनावर जागेवर ठेवावे लागते, पंचनामा व्हावा लागतो. आज इथे आणि उद्या चार कोसांवर मुक्काम असणाऱ्या कुटुंबाला हे सोपे नसते. लांडगा टिकवण्याचा खरा खर्च आजवर या कुटुंबांनी सोसला आहे, हे कोणत्याही संवर्धन योजनेने विसरता कामा नये.

भाषेने मात्र लांडग्याला फारशी दया दाखवली नाही. लुटालुटीला आपण लांडगेतोड म्हणतो. दुसरीकडे लांडगे हे आडनाव महाराष्ट्रात अभिमानाने लावले जाते, आणि महाभारतातल्या भीमाला वृकोदर म्हणजे लांडग्याच्या पोटाचा म्हटले आहे.

लांडगा माणसावर हल्ला करतो का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘क्वचित, पण करतो’ असे आहे. 1996 साली उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात आणि 2024 साली बहराइच जिल्ह्यात लहान मुले बळी पडली. नैसर्गिक सावज संपलेले, दार नसलेली घरे, रात्री अंगणात निजलेली मुले, अशा परिस्थितीत एखादा प्राणी किंवा एखादा कळप या वाटेला लागतो. त्या घरांचे दुःख मोठे आहे, आणि तसा प्राणी तातडीने पकडणे योग्यच. पण अशा घटनेनंतर दिसेल तो लांडगा, कोल्हा, कुत्रा ठेचून मारला जातो, त्यात दोषी प्राणी बहुधा सुटतो.

अलीकडे सर्वांत मोठे संकट कुत्र्यांच्या रूपाने आले आहे. उकिरडे, कुक्कुटपालनाचा कचरा आणि ढाबे यांवर वाढलेल्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या माळावर उतरतात. त्या काळविटांची पाडसे मारतात, रेबीज आणि कॅनाइन डिस्टेंपर हे रोग पसरवतात. जोडीदार न मिळालेला लांडगा कुत्र्याशी जुगतो, आणि पुण्याजवळ आढळलेले पिवळसर रंगाचे प्राणी असे संकरित असल्याचे जनुकतपासणीत सिद्ध झाले. इतका जुना वंश बंदुकीविना, नुसत्या मिसळणीने विरून जाऊ शकतो. गावचा कचरा झाकणे आणि कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण करणे ही कामे लांडगा वाचवण्याचीच कामे आहेत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत लांडग्याचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्याला. खास लांडग्यासाठीचे अभयारण्य 1976 साली आजच्या झारखंडमधील महुआडांड येथे झाले. महाराष्ट्रात तो नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्यात आणि बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात दिसतो. यांतले एकही लांडग्यासाठी जाहीर झालेले नाही. रेहेकुरीचे क्षेत्र 2.17 चौरस किलोमीटर आणि मयूरेश्वरचे 5.14. लांडग्यांच्या एका कळपाचा वावर शंभराहून अधिक चौरस किलोमीटर असतो. महाराष्ट्रातला लांडगा त्यामुळे अभयारण्यात येऊन-जाऊन असतो. तो राहतो गावाच्या गायरानात, सातबाऱ्यावरच्या पोटखराब्यात आणि मेंढरे बसवलेल्या शेताच्या बांधावर.