तळटीप : स्कोव्हिल एकक
*स्कोव्हिल एकक : मिरचीचा तिखटपणा मोजण्याची ही पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. वाळलेल्या मिरचीचा अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, त्यात साखरपाणी वाढवत न्यायचे आणि पाच जणांना चाखायला द्यायचे. बहुतेकांना तिखट लागेनासे होईपर्यंत अर्क जितक्या पट पातळ करावा लागे, तितकी त्या मिरचीची एकके. पण एकाला झोंबते ते दुसऱ्याला सोसते, शिवाय लागोपाठ चाखून जीभ बधिर होते. म्हणून आता क्रोमॅटोग्राफीने मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन आणि त्याच्या जातकुळीतील द्रव्यांचे प्रमाण मोजून त्यावरून एकके काढतात. शुद्ध कॅप्सेसिन सुमारे १ कोटी ६० लाख एककांचे असते.

हालापेन्यो मिरची २,५०० ते ८,००० एककांची. ईशान्य भारतातील भूत जोलोकियाने १० लाखांचा टप्पा ओलांडल्याची नोंद गिनेसने २००७ मध्ये केली. पुढे कॅरोलायना रीपरची सरासरी १६ लाख ४१ हजारांवर गेली. २०२३ मध्ये विक्रम नोंदवणाऱ्या पेपर एक्सची सरासरी २६ लाख ९३ हजार आहे. या दोन्ही मिरच्या अमेरिकेतील एड करी यांनी तयार केल्या. एकाच वाणाच्या मिरच्याही कमीअधिक तिखट निघतात, त्यामुळे असे आकडे सरासरी म्हणूनच वाचावेत.

तिखटपणाचे मूळ बियांत नसून बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढरट गरात असते. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. तोंड पोळल्यास पाण्यापेक्षा दूध घ्यावे. – संपा.